थाळी वाजवून कान तपासता येत नाहीत

तुम्ही लिहिलंत, मुलगा अडीच वर्षांचा, अजून ‘आई’सुद्धा म्हणत नाही, पण मागे थाळी वाजवली की वळतो, म्हणून सासूबाई म्हणतात बापावर गेलाय, तोही उशिराच बोलला. आणि डॉक्टर म्हणाले तीन वर्षांचा होईपर्यंत वाट बघा. ताई, वाट बघू नका. या आठवड्यात ऑडिओलॉजिस्टची, म्हणजे ऐकणं तपासणाऱ्या तज्ज्ञाची, वेळ घ्या.

थाळीचा ठणाणा आपल्या बोलण्याच्या कितीतरी पट मोठा असतो. शिवाय पोरं चलाख असतात: तुमची सावली, फरशीचा हादरा, समोर बसलेल्या आजीची नजर, एवढ्यावर वळतात. काहींना जाडे आवाज येतात, पण स, श, फ यांसारखे बारीक आवाज पोचतच नाहीत. आमच्या लेकीला दाराची कडी कळायची, हाक कळायची नाही.

तपासणीत नुसत्या ओएईवर, म्हणजे आतल्या कानाचा प्रतिसाद टिपणाऱ्या झटपट चाचणीवर, समाधान मानू नका. ती चाळणी आहे. सर्दीने कानात पाणी साचलं असलं तरी नापास दाखवते. उलट एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) राहिलेल्या किंवा काविळीत रक्त बदलावं लागलेल्या काही मुलांत कान पास होतो, आणि पुढे नस संदेश नीट नेत नाही. त्यासाठी बेरा हवी, म्हणजे आवाज नसेतून मेंदूकडे पोचतो का ते बघणारी चाचणी, आणि सोबत इम्पिडन्स, म्हणजे पडद्यामागे पाणी आहे का ते बघणारी. बेराला मूल गाढ झोपलेलं लागतं. त्या दिवशी त्याला पहाटेच उठवा आणि रिक्षात डुलकी लागू देऊ नका, नाहीतर तिथे टक्क जागं राहतं. जन्मतःची तपासणी पास होती, हेही धरून बसू नका. ऐकणं नंतरही कमी होऊ शकतं.

पैशांची अडचण असेल तर अंगणवाडीत येणाऱ्या आरबीएसकेच्या (सरकारच्या बाल आरोग्य तपासणी कार्यक्रमाच्या) पथकाला गाठा, ते जिल्ह्याच्या डीईआयसीकडे, म्हणजे अशा मुलांवर लवकर उपचार करणाऱ्या केंद्राकडे, चिठ्ठी देतात. मुंबईत वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग ही ऐकण्या-बोलण्याच्या अडचणींसाठीची सरकारी संस्था आहे. अपंगांना साधनं देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेतून कॉक्लिअर इम्प्लांट (शस्त्रक्रियेने आतल्या कानात बसवायचं यंत्र) होतं, पण जन्मजात बहिरेपणाला पाच वर्षांची वयोमर्यादा आहे. जगभरचा दंडक तर असा, की पहिल्या महिन्यात चाळणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपाय सुरू.

कानाचं मशीन लागलं की खरं काम घरात. जागेपणी सतत कानात हवं, फक्त थेरपीपुरतं नाही. रोज सकाळी तोंड झाकून आ, ई, ऊ, म, श, स म्हणा आणि कुठल्या आवाजाला बघतो ते टिपा. काल येत असलेला ‘स’ आज येत नसेल तर आधी सेल आणि नळी बघा. शिट्टी वाजायला लागली तर मोल्ड, म्हणजे कानात बसणारा साचा, ढिला झाला असेल, कारण कान वाढतो. पावसाळ्यात रात्री मशीन ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या डबीत ठेवा. सेल मात्र पोराच्या हाताला लागू देऊ नका, गिळला तर जिवावर बेतेल.

आणि बोला. पोळी फुगली तर ‘बघ, पोळी फुगली, टम्म!’ म्हणा, शेजारी बसून, टीव्ही बंद करून. ‘खुणा केल्यास तर बोलणारच नाही’ असं कुणी सांगितलं तर सोडून द्या. इम्प्लांटची वाट बघत महिने जातात, तोवर मुलाला पाणी, दुखतंय, नको, बाबा कुठे, हे सांगता आलंच पाहिजे. खुणेने सांगितलं तरी ती भाषाच आहे.

बेरा झाली की दोन्ही कानांचे आकडे इथे टाका. इम्प्लांटची घाई करायची, की आधी मशीनवर काही महिने बघायचं, हे त्यावर ठरतं. ऑडिओलॉजिस्टला काय काय विचारायचं ते तेव्हा सांगते.