कृषी सल्ला : अश्वगंधेला युरिया कुणी सांगितला?

या वेळचे बहुतेक प्रश्न औषधी पिकांचे आहेत. सोयाबीनने हात पोळले की दर दोन-तीन वर्षांनी ही लाट येते. इंदूर, देवास, धारकडच्या आपल्या मराठी शेतकऱ्यांना शेती शिकवायची गरज नाही, म्हणून मशागत कशी करावी वगैरे लिहीत बसत नाही. जिथे पीक हातचं जातं तेवढंच सांगतो.

सांवेरकडचे एक काका लिहितात : "दोन एकर अश्वगंधा लावली. झाडं कमरेला लागली, पानं काळपट हिरवी. कृषी केंद्रवाल्याने सांगितलं म्हणून एकरी एक पोतं युरिया दोनदा दिला, वर टॉनिक मारलं. जानेवारीत एक झाड उपटलं तर मूळ करंगळीपेक्षा बारीक. आता काय देऊ?"

काका, आता काहीही देऊ नका. जे दिलंत तेच नडलंय.

हिशेब बघा. युरियाच्या ४५ किलोच्या पोत्यात ४६ टक्के नत्र, म्हणजे साधारण २१ किलो. एकरी दोन पोती म्हणजे ४२ किलो, हेक्टरी शंभराच्या वर. अश्वगंधेला हलक्या जमिनीत हेक्टरी १५ किलो नत्र पुष्कळ झालं, तेही पेरताना. तुम्ही जवळजवळ सातपट दिलंत. झाडाने ते सगळं पानांत घातलं. मंडीत पानं विकायची आहेत का? तिथे मूळ विकलं जातं, आणि तेही मोडून, आत पांढरं आहे की पिवळं ते बघून.

हा प्रकार मी इतक्या शेतांत पाहिलाय की आता बांधावरूनच ओळखतो. अश्वगंधेचं शेत लांबून सोयाबीनसारखं दाट हिरवं दिसलं की समजायचं, इथे दुकानदार येऊन गेलाय. चांगलं शेत थोडं रोडच दिसतं.

दुकानदाराला दोष देऊन भागणार नाही, त्याचं दुकान युरियावरच चालतं. पण त्याला एवढं विचारायला काय हरकत आहे, की बाबा, या पुडीवर अश्वगंधेचं नाव कुठे छापलंय? नसतंच. तणनाशकाचंही तेच. "सोयाबीनमध्ये मारता तेच मारा" असं सर्रास सांगतात. ते औषध रुंद पानाच्या तणांवरही चालतं, आणि अश्वगंधा रुंद पानाचीच आहे. खुरपणी करा. उगवणीनंतर २५-३० दिवसांनी विरळणी करायचीच असते, त्याच फेरीत तण निघतं.

आता वेळेबद्दल. नोकरीच्या पहिल्या वर्षांत मी स्वतः एका शेतकऱ्याला जुलैच्या पहिल्या आठवड्यात पेरायला सांगितलं होतं. पुस्तकात "खरीप" लिहिलेलं, मी खरीप म्हणजे जुलै धरला. आठ दिवस झड लागली आणि रोपं बुडापाशी काळी पडून आडवी झाली. त्या माणसाने मला काही म्हटलं नाही, फक्त पुढल्या वर्षी सल्ला विचारला नाही. तेव्हापासून सांगतोय : माळव्यात अश्वगंधा ऑगस्टच्या दुसऱ्या पंधरवड्यात पेरा, जास्तीत जास्त सप्टेंबरच्या मध्यापर्यंत. मोठा पाऊस ओसरू द्या. आधी नाही. शेजाऱ्याने पेरली म्हणून तर अजिबात नाही.

आणि काळ्या भारी जमिनीत सपाट पेरू नका. हे माझं जुनं टुमणं आहे, लोक हसतात, हसू देत. बरडाची, उताराची, मुरमाड जमीन असेल तर फेकून पेरलंत तरी निभेल, हेक्टरी १० ते १२ किलो बी घ्या. पण शेत काळं असेल तर वरंबे पाडा आणि वरंब्यावर ओळीत टाका. पाणी सरीतून निघून जातं, मूळ सरळ खाली उतरतं आणि काढताना तुटत नाही. सपाट काळ्या शेतात मूळ उपटायला गेलात की निम्मं जमिनीतच राहतं, वर येतो तो तुकडा. वरंब्याचा खर्च फार वाटतो म्हणणाऱ्यांनी काढणीच्या मजुरीशी तो ताडून बघावा.

बी शक्यतो ताजं, गेल्या हंगामाचं घ्या. अश्वगंधेचं बी वर्षभरानंतर झपाट्याने मरतं. दुकानात चकचकीत पाकिटात दोन वर्षांचं बी मिळतं, उगवत नाही, मग तोच दुकानदार "बियाणं बसलं, जमीन गरम आहे" म्हणतो. शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळा, सावलीत ठेवा, पाणी शिंपडत राहा. दहा-बारा दिवसांत किती फुटले ते मोजा. निम्मेही फुटले नाहीत तर पिशवी परत करा. वाणात जवाहर असगंध-२० आणि जवाहर असगंध-१३४ हे आपल्या मंदसौरच्या संशोधन केंद्राचे, याच हवेत निवडलेले. लखनौच्या सीमॅप या औषधी वनस्पतींच्या संस्थेचा पोषिताही चांगला. "नागौरी" म्हणून जे सुटं विकतात त्यात काय काय असतं ते विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

काढणी जानेवारी ते मार्च, पीक दीडशे ते एकशे ऐंशी दिवसांचं झाल्यावर. खालची पानं वाळली, फळं लाल-पिवळी झाली की घ्या. डिसेंबरातच व्यापारी दारात येतो, "आत्ता भाव आहे" म्हणतो. त्याला चहा द्या, मूळ देऊ नका. कोवळं मूळ वाळल्यावर सुरकुतून निम्मंही उरत नाही. जमिनीत थोडी ओल असताना उपटा, बुडखा कापा, सात ते दहा सेंटीमीटरचे तुकडे करा, ताडपत्रीवर वाळवा, मग दांडक्याने हलकं झोडा, म्हणजे माती आणि केसाळ मुळ्या झडतात. वाळलं की नाही ते कानाने कळतं : तुकडा कट्कन मोडला पाहिजे. वाकला तर अजून दोन उन्हं द्या. प्रतवारी घरीच करा. जाड, गुळगुळीत, आत पांढरं पिठूळ ते वेगळं, बारीक वेगळं, चुरा वेगळा. सगळं एका पोत्यात भरून नीमचच्या मंडीत नेलंत तर सगळ्याला चुऱ्याचाच भाव लागतो. कोरडवाहूत हेक्टरी तीन ते पाच क्विंटल वाळलेलं मूळ निघालं तर बरं पीक म्हणा. "एकरी दहा क्विंटल" सांगणाऱ्याकडून बी घेऊ नका.

देपालपूरहून एका ताईंनी विचारलंय की एकजण अश्वगंधेची पानंही विकत घ्यायला तयार आहे, कापून द्यावीत का. नको. उभ्या पिकाची पानं ओरबाडली तर मूळ पोसणार कशावर? दुसरं म्हणजे, आयुष मंत्रालयाने २०२१ मध्येच औषध बनवणाऱ्यांना कळवलंय की अश्वगंधेची पानं वापरू नका, मूळच वापरा. तरीही कुणी पानं घेत असेल तर ती कुठल्या तरी भुकटीत मूळ म्हणूनच जाणार. त्या धंद्यात तुमचं नाव कशाला?

महूचे एक दादा ईसबगोलबद्दल विचारतात : बी भिजवून पेरावं का, आणि केवड्यासाठी, म्हणजे पानांवरच्या त्या बुरशीच्या रोगासाठी, काय मारावं.

दादा, ईसबगोल भिजवू नका! हरभऱ्याची सवय इथे चालत नाही. गेल्या हंगामात एकाने दुकानदाराच्या सांगण्यावरून बी रात्रभर औषधाच्या पाण्यात ठेवलं. सकाळी बादलीत साबुदाण्याच्या खिरीसारखा गोळा, त्यात हात घातला की हाताला लोंबणारा. ज्या भुशीसाठी जग हे पीक विकत घेतं तीच पाणी पिऊन फुगते. बीजप्रक्रिया कोरडीच करा : मेटॅलॅक्झिल ३५ टक्के ही बुरशीनाशक भुकटी, किलो बियाला ५ ग्रॅम, मडक्यात घालून हलवा. पाच म्हणजे पाच. "जरा जास्त घाला, केवडा फार आहे" असं दुकानात म्हणतील. जास्तीने केवडा जात नाही, उगवण जाते.

केवडा मुळात तुम्हीच बोलावता. हे पीक ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत पेरायचं. लवकर पेरलं तर पालाच माजतो, डिसेंबरात गेलं तर पीक उन्हाळी पावसाच्या तोंडी सापडतं. हेक्टरी चार-पाच किलो बी बारीक वाळूत मिसळून फेका आणि वरून झाडूने एकाच दिशेने हलकं झाडून झाका. हसू नका, गुजरातेत जुने लोक असंच करतात आणि बी खोल जात नाही. पहिलं पाणी मंद सोडा, जोराने सोडलंत तर सगळं बी वाफ्याच्या एका टोकाला गोळा होतं. पुढे महिन्याने एक आणि ओंब्या दुधात असताना एक, एवढं पाणी पुरे. चौथं, पाचवं पाणी आणि उशिरा दिलेला युरिया म्हणजे केवड्याला आवतण. पानावर वरून पिवळे डाग, खालून राखाडी बुरशी दिसली तरच मेटॅलॅक्झिल-मँकोझेब मिश्रण लिटरला २ ग्रॅम, तेही ओंब्या भरायच्या आधी. नंतर मारलंत तर औषध भुशीत उतरतं. ईसबगोल थेट लोकांच्या पोटात जातं, बराचसा माल परदेशात, आणि तिकडे औषधाचे अंश तपासल्याशिवाय घेत नाहीत. मावा किडीसाठी दर आठवड्याला फवारा सांगणाऱ्याला हे सांगा.

काढणी कोरड्या हवेत, दंव उडाल्यावर पण ऊन तापायच्या आत. ओंबी चिमटीत दाबली आणि दाणे सुटले की थांबू नका. पिकल्या ईसबगोलवर एक सर पडली तरी दाणे जमिनीवर आणि तुम्ही बांधावर. वाण जवाहर ईसबगोल-४ किंवा गुजरात ईसबगोल-२.

सफेद मुसळीबद्दल तिघांनी एकच विचारलंय : एक कंपनी कंद देते, करार करते, माल परत विकत घेण्याची हमी देते, करू का?

करू नका. नाव विचारत नाही, सांगूही नका. वीस-बावीस वर्षांपूर्वी हाच खेळ माळव्यात आणि तिकडे विदर्भातही रंगला होता. कंद सोन्याच्या भावाने विकायचे, पीक तयार झालं की कार्यालयाला कुलूप. करारातली "गुणवत्तेनुसार" ही ओळ वाचा, सगळी पळवाट तिथे असते. कंदातही फसवतात. मुसळीचं बोट, म्हणजे बोटासारखं मूळ, उगवायला त्याच्या डोक्याला चकतीचा, म्हणजे डोळ्याचा, भाग हवा. नुसती बोटं मातीत कुजतात. शिवाय ओल्या पाच किलोची वाळून जेमतेम एक किलो होते, आणि "एकरी इतके लाख" सांगणारा नेहमी ओल्याच मालाचा हिशेब मांडतो. (जाता जाता, मुसळीच्या शास्त्रीय नावात आपली बोरिवली आहे, हे झाड तिथलंच म्हणून नोंदलं गेलं.) हौस असेल तर दोन गुंठ्यांत लावा, पुढल्या वर्षीचे कंद स्वतःचे करा, मग बोला.

एका तरुण मित्राने विचारलंय की आणंदजवळ बोरियावीला औषधी वनस्पतींची केंद्र सरकारची संस्था आहे, ती माल घेते का. घेत नाही. ती संशोधन संस्था आहे, आडत नव्हे. १९९२ मध्ये राष्ट्रीय संशोधन केंद्र म्हणून सुरू झाली, २०१० पासून संचालनालय आहे, आणि देशभरच्या केंद्रांमधून औषधी व सुगंधी पिकांच्या चाचण्या चालवते. मंदसौर त्यातलंच एक. लखनौची सीमॅप वेगळी, ती १९५९ ची. या संस्थांकडून घ्यायचं ते वाण, लागवडीची पद्धत, प्रशिक्षण. दाहोद-गोध्र्यामार्गे बोरियावीला जरूर जा, शेतातली झाडं डोळ्यांनी बघा, त्यांना नत्र किती देता ते विचारा. मग इंदूरच्या दुकानात येऊन तोच प्रश्न विचारा.

अनुदान : आयुष मिशनमधलं जुनं लागवड अनुदान २०२०-२१ पर्यंतचं होतं. मध्य प्रदेशची देवारण्य योजना २०२१ ची. आज काय चालू आहे ते जिल्ह्याच्या उद्यानिकी कार्यालयात विचारा, सातबारा नव्हे, इकडचा खसरा-बी१ आणि पासबुक घेऊन जा. अनुदानासाठी पीक निवडू नका. भाव आणि ग्राहक बघायला औषधी वनस्पती मंडळाचं ई-चरक अॅप आहे, फुकट आहे.

पुढच्या वेळी प्रश्न पाठवताना पानाचा फोटो पाठवू नका. पानावरून या पिकांचं अर्धंच कळतं. झाड मुळासकट उपटून ओल्या गोणपाटात गुंडाळून कार्यालयात आणा, सकाळी अकराच्या आत. आणि दुकानदाराने दिलेल्या सगळ्या बाटल्या, पुड्याही बरोबर आणा, रिकाम्या असल्या तरी.