लोकांनी सिगारेट सोडावी म्हणून सरकारचा कोणता उपाय खरंच चालतो?

कर. पाकीट महाग झालं की ओढणं कमी होतं, आणि कॉलेजातली बरीच पोरं त्या वाटेला लागतच नाहीत. पण आपल्याकडे टपरीवर सुटी सिगारेट मिळते, पेटवायला दोरीला बांधलेला लायटरही असतो. मग दरवाढ खिशाला जाणवत नाही आणि पाकिटाची ८५ टक्के जागा व्यापणारं इशाऱ्याचं चित्रही दिसत नाही. महाराष्ट्राने २०२० मध्ये सुट्या विक्रीवर बंदी घातली. ती टपरीपर्यंत पोचायलाच हवी.

तुम्ही स्वतः सोडणार असाल तर फार चांगलं. वर्षभरात हृदयविकाराचा जादा धोका साधारण निम्म्यावर येतो. पाकिटावरच छापलेल्या १८००-११-२३५६ या मोफत क्रमांकावर फोन करा, समुपदेशक नीट मदत करतात.