वाचकांचे प्रश्न : थँक्सगिव्हिंगला अस्वल आणि हरणाच्या शिकारीला जायचंय

प्रश्न : ताई नमस्कार. मी मुलुंडला राहतो, वय ५१. माझा मेहुणा पेनसिल्व्हेनियात असतो, तो दरवर्षी नोव्हेंबरात मित्रांबरोबर डोंगरात काळं अस्वल आणि हरणाच्या शिकारीला जातो, यंदा मलाही चला म्हणतोय. टुरिस्ट व्हिसा आहे. कॉलेजात एनसीसीला पॉइंट टू टू रायफल चालवली होती, अनुभव तेवढाच. रजा दहा दिवस मिळेल. एकाच फेरीत दोन्ही जमेल का आणि तयारी काय करू? बायको म्हणते, हे करणं बरोबर आहे का तेही विचारा.

उत्तर : दादा, मी अकरा वर्षं तिथे काढली आणि शेजारच्या एका आजोबांबरोबर पाच सीझन जंगलात गेले, म्हणून मोकळेपणाने सांगते. आधी वहिनींचा प्रश्न घेते कारण तोच मोठा आहे. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद आहे आणि ती तशीच बंद राहावी असं मला मनापासून वाटतं, आपली अस्वलं आणि आपली जंगलं त्या ताकदीची राहिलेली नाहीत. पेनसिल्व्हेनियात कुठे, कधी, किती मारायचं हे राज्याचं गेम कमिशन ठरवतं, एका माणसाला वर्षाला एकच अस्वल, आणि अस्वलं कमी झाली तेव्हा १९७०, १९७७ आणि १९७८ साली त्यांनी सीझन सरळ बंद ठेवला होता. त्यामुळे तिथे जाऊन नियमाने शिकार करणाऱ्याला मी पापी म्हणणार नाही. पण मारलेलं खाणार नसाल, नुसता फोटो हवा असेल, तर जाऊ नका. वहिनींना माझं हे उत्तर सांगा.

आता व्हिसा, इथे आपली माणसं हमखास चुकतात. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याप्रमाणे टुरिस्ट व्हिसावरच्या माणसाला बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगता येत नाही, आणि त्यातून सुटका देणाऱ्या गोष्टींपैकी एक म्हणजे तिथल्या राज्याचा चालू शिकार परवाना. म्हणजे परवाना हातात येईपर्यंत मेहुण्याची रायफल गंमत म्हणूनसुद्धा धरायची नाही, रेंजवरही नाही. परवान्यासाठी पहिल्यांदा जाणाऱ्याला हंटर एज्युकेशनचा कोर्स लागतो, तो ऑनलाइनही होतो, पण भारतातून करता येतो का ते आधी विचारून घ्या. अस्वलाचा परवाना वेगळा काढावा लागतो हे लक्षात असू द्या. नेम धरायची सवय मात्र इथेच करता येईल, वरळीला रायफल रेंज आहे, एअर रायफलवर का होईना पण श्वास रोखून ट्रिगर हळू दाबायचं हाताला कळतं.

तारखांचं गणित असं की रायफलने अस्वल मारायचा मुख्य सीझन थँक्सगिव्हिंगच्या (हा सण नोव्हेंबरातल्या चौथ्या गुरुवारी असतो) आधीच्या शनिवारी सुरू होतो आणि थोडेच दिवस चालतो, हरणाचा रायफल सीझन थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी उघडतो. काही भागात अस्वलाचा सीझन पुढे वाढवून हरणाबरोबर चालतो, मेहुण्याचं जंगल त्यात येतं का हे तिकीट काढायच्या आधी विचारा. येत असेल तर दहा दिवसांत दोन्ही बसतं, नसेल तर माझं ऐका आणि फक्त हरणावर लक्ष द्या. उशिरा गेलात की अस्वलाच्या गाभण माद्या आधीच ढोलीत शिरलेल्या असतात, नर मात्र खायला मिळतंय तोवर फिरतात. ओकची फळं ज्या वर्षी भरपूर पडतात त्या वर्षी ते जास्त दिवस बाहेर दिसतात. आजोबा मला पहिल्या दिवशी बंदूक न देता ओकखालचा पाचोळा उकरायला लावायचे, टोप्या निघालेली फळं, चावलेली टरफलं, आणि बाजूला अस्वलाची विष्ठा, तिच्यात टरफलांचेच तुकडे गच्च. ती ताजी, ओलसर असली की ते नुसतं बोट दाखवायचे आणि वारा कुठून येतोय ते बघायचे, कारण अस्वलाचं नाक फार तिखट, वारा तुमच्याकडून त्याच्याकडे गेला की दिवस संपला. मागे पिल्लं असलेली मादी दिसली तर माझा सल्ला, सोडून द्या. नोव्हेंबरात पिल्लं दहाच महिन्यांची असतात, आईबरोबरच ढोलीत जातात.

कपडे. मुंबईची थंडी तुमच्या अंगाला माहीत आहे, ती तिथे कामाची नाही, पहाटे शून्याच्या आसपास तीन-तीन तास न हलता बसायचंय. आत सुती बनियन नको, घामाने ओलं झालं की सुकत नाही, लोकरीचं घाला. वरून डोकं, छाती आणि पाठ मिळून २५० चौरस इंच भगभगीत नारिंगी रंग हवाच, तो नियम आहे आणि तुमचा जीव त्यावर आहे. झाडावरच्या मचाणावर चढणार असाल तर हार्नेस, म्हणजे पडू नये म्हणून अंगाला बांधायचे पट्टे, लावल्याशिवाय पाय उचलू नका. संध्याकाळी पावणेपाचलाच सूर्य बुडतो, टॉर्च दोन ठेवा.

आणि जनावर पडल्यावर खरं काम सुरू होतं, हे कुणी आधी सांगत नाही. मी पहिल्यांदा हरीण साफ करायला बसले तेव्हा थंडीने बोटं वळत नव्हती आणि पोट उघडल्यावर आतून वाफ आली, हात कोपरापर्यंत गरम झाले, तो वास दोन दिवस गेला नाही. मला रडू आलं, आजोबा काही बोलले नाहीत, सुरी पुसून परत हातात दिली. मांस लवकर गार करावं लागतं, अस्वलाचं तर जास्तच घाईने, चरबी उष्णता धरून ठेवते. अस्वल २४ तासांत चेक स्टेशनला न्यायचं, तिथे वजन करतात आणि वय कळावं म्हणून एक छोटा दात काढून घेतात. हरणांमध्ये सीडब्ल्यूडी नावाचा मेंदूचा रोग २०१२ पासून त्या राज्यात आहे, रोगाच्या भागातून डोकं आणि मणका बाहेर नेता येत नाही, डोकं तपासणीला द्या आणि रिपोर्ट येईपर्यंत खाऊ नका.

येताना बॅगेत कातडं, नखं, दात काहीही नको. काळं अस्वल साईट्सच्या, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात आहे आणि २०२२ च्या दुरुस्तीने ती यादी आपल्या वन्यजीव कायद्यातही आली. फोटो आणा, पुरे.

प्रश्न : मी गिरगावात राहते. मुलगा तिकडे शिकायला आहे, मित्राने त्याला अस्वलाचं मटण दिलंय, दोन महिने फ्रीझरमध्ये आहे. आता जंतू मेले असतील ना?

उत्तर : नाही काकू, गृहीत धरू नका. अस्वलात ट्रिकिनेला नावाची कृमी असते आणि तिच्या थंड प्रदेशातल्या जातीला फ्रीझर पुरत नाही. २०२२ साली साउथ डकोटात एका कुटुंबाने ४५ दिवस फ्रीझरमध्ये ठेवलेलं अस्वल कबाब करून खाल्लं, सहा जण आजारी पडले, त्यातल्या दोघांनी तर मांस खाल्लंच नव्हतं, बरोबर भाजलेल्या भाज्या खाल्ल्या होत्या. आतपर्यंत ७४ अंश सेल्सिअस झालं पाहिजे, थर्मामीटर खुपसून बघायचं, रंगावर जायचं नाही. मुलाकडे तुम्ही दिलेला कुकर असेल ना, त्यातच रस्सा करू दे, छोटे तुकडे करून, आणि कच्चं मांस चिरलेली पाटी, सुरी आधी धुवून मगच कांद्याला हात लावायला सांगा.