जिंकणार नसेन, तर हॉलवर कशाला जायचं?

"ताई, मी 24 वर्षांचा आहे, विदर्भातल्या एका शहरात राहतो. शाळेत असल्यापासून बॉक्सिंग करतो. राज्य स्पर्धेत उतरलो, पदक कधीच नाही. खेळाडूंच्या आरक्षणातून नोकरी लागेल ही आशा होती, तीही आता नाही. बाबा म्हणतात, ग्लोव्हज ठेवून दे आणि काकाच्या हार्डवेअरच्या दुकानात बस. दुकान रात्री नऊला बंद होतं, सराव सहा ते आठ. हॉलवर गेलो नाही की संध्याकाळ खायला उठते. सर मला लहान पोरांचे पॅड, म्हणजे ठोसे झेलायच्या गाद्या, धरायला सांगतात, पोरं दादा दादा करत मागे असतात. पण मी कधी जिंकणार नाही हे मला कळून चुकलंय. मग जाण्यात अर्थ काय? गेल्या महिन्यात स्पारिंगमध्ये, म्हणजे सरावाच्या लढतीत, डोक्याला जोरात लागलं, तेव्हापासून डोकं जड असतं. घरी बोललो नाही. — अ."

प्रिय अ.,

तुझ्या शेवटच्या दोन ओळी आधी घेते, बाकीचं थांबू शकतं. महिनाभर डोकं जड राहणं हे अंग दुखण्यासारखं सोसून न्यायचं दुखणं नाही. याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा, जमलं तर मेंदूविकारतज्ज्ञांकडे, आणि डोक्याला मार लागलाय हे स्पष्ट सांग. ते परवानगी देईपर्यंत स्पारिंग पूर्ण बंद. डोक्यावरच्या माराने नॉकआउट झालेल्या बॉक्सरला स्पर्धेच्या नियमाप्रमाणेच किमान 30 दिवस रिंगबाहेर राहावं लागतं. हॉलवर पंच नसतो, म्हणून तिथे हे आपलं आपण पाळायचं असतं. घरी सांग, सरांनाही सांग. जो कोच हे ऐकूनही "काही होत नाही, उतर" म्हणेल, त्याच्या हाती लहान पोरं असू नयेत.

आता तुझा प्रश्न. तुला वाटतं, हॉल जिंकणाऱ्यांसाठी असतो. मला हे मुळीच पटत नाही.

1954 साली अमेरिकेतल्या लुईव्हिल शहरात बारा वर्षांच्या एका पोराची सायकल चोरीला गेली. चोराला बडवून काढतो, असं म्हणत तो एका पोलिसासमोर उभा राहिला. तो पोलीस, जो मार्टिन, संध्याकाळी एका तळघरात मुलांना बॉक्सिंग शिकवायचा. आधी लढायला तर शीक, असं त्याने पोराला सांगितलं. तो पोरगा पुढे मोहम्मद अली झाला. ही गोष्ट तू शंभरदा ऐकली असशील. पण त्या तळघरात आणखीही मुलं घाम गाळत होती. त्यांची नावं आपल्याला ठाऊक नाहीत, तरी अलीला रोज समोर कुणीतरी लागत होतंच. आणि मार्टिन काही जगज्जेता नव्हता. नोकरी सांभाळून तो रोज संध्याकाळी दार उघडत होता.

आपल्याकडे हरियाणातल्या भिवानीचं बघ. 2008 च्या बीजिंग ऑलिंपिकला भारताचे पाच बॉक्सर गेले, त्यातले चार त्या एका गावात तयार झालेले. विजेंदर सिंगने कांस्यपदक आणलं, भारतीय बॉक्सिंगचं पहिलं ऑलिंपिक पदक. एका गावातून चार जण तिथवर जातात, तेव्हा त्यांच्यामागे अंगावर ठोसे घेणारी, फेरीची वेळ मोजणारी, पॅड धरणारी कितीतरी माणसं असतात. आणि कोल्हापूरच्या तालमी? तिथल्या फुटबॉल संघांची नावंसुद्धा तालमींची आहेत. पाटाकडील तालीम म्हटलं की पेठेतल्या सगळ्यांना ती आपली वाटते, आयुष्यात एकदाही लंगोट न बांधलेल्या माणसालासुद्धा.

हॉलवर काय होतं ते तू माझ्यापेक्षा जास्त जाणतोस, फक्त त्याची किंमत तू करत नाहीस. तीन मिनिटांची फेरी, एक मिनिट विश्रांती. तेवढा वेळ हातात मोबाईल नसतो, डोक्यात भरती नसते. समोरचा तुला ठोसा मारतो आणि तू जरा डगमगलास की हात खाली घेऊन "ठीक आहेस ना?" विचारतो. दोन दिवस आला नाहीस तर कुणीतरी फोन करतं. चोविसाव्या वर्षी, शिक्षण संपलेलं, नोकरी नाही, मित्र पुण्या-मुंबईला पांगलेले, अशा वेळी आपली वाट पाहणारी एक जागा असणं फार मोलाचं आहे. हे सोडून दे, असं मी तुला सांगणार नाही.

मात्र बाबांचंही खोटं नाही. इतकी वर्षं बूट, खुराक, स्पर्धांचे प्रवास हे सगळं त्यांनी केलंय. दुकानात बस, लाज वाटून घेऊ नकोस. काकांशी आधीच बोलून घे: सकाळी दुकान मी उघडतो, आठवड्यातले तीन दिवस साडेपाचला निघतो. घरातलं दुकान आहे, एवढं जमेल. उरलेल्या दिवशी पहाटे धावायला जा, पण तेही डॉक्टरांना विचारून.

आणि एक गोष्ट मला स्पष्ट सांगायची आहे. सरांची लहान बॅच तू फुकट सांभाळतोयस. काही महिने ठीक होतं, वर्षानुवर्षं नाही. त्या बॅचच्या फीमधला वाटा माग, यात उद्धटपणा नाही. सोबत पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचे प्रशिक्षकांसाठीचे अभ्यासक्रम बघ. एक वर्षभराचा डिप्लोमा आहे आणि सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रमही आहे. तुझ्या प्रमाणपत्रांवर कुठे बसतोस ते तपासून घे. पंच होण्याचीही वाट आहे, जिल्हा संघटनेत चौकशी कर. पोरांचे पॅड धरताना तुझं लक्ष कुणाचा गार्ड, म्हणजे तोंडासमोर धरलेले हात, खाली येतोय यावर असतं की स्वतःच्या हरलेल्या लढतींवर, हेही बघ. पहिलं असेल तर तुझ्यात कोच आहे.

येत्या रविवारी बाबांना लहान पोरांच्या बॅचच्या वेळी घेऊन ये. त्यांनी तुला आजवर फक्त हरून घरी येताना पाहिलंय, शिकवताना नाही. नंतर सरांबरोबर चहाला बसव. पैशाचा विषय सरांनीच बाबांसमोर काढावा, हे त्यांना शनिवारीच सांगून ठेव.

तुझी,
ताई