‘३/५’ म्हणजे नेमके काय? : दुसऱ्या महायुद्धातील सैन्यरचनेविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आजोबांच्या डिस्चार्ज कागदावर ‘३/५ एम.एल.आय.’ असे लिहिले आहे. ही तिसरी कंपनी की पाचवी तुकडी? आणि ते कोणत्या आघाडीवर होते हे यावरून कळेल का? (सातारा)

उत्तर : दोन्ही नाही. पहिला आकडा बटालियनचा आणि दुसरा रेजिमेंटचा. ‘३/५’ म्हणजे पाचव्या मराठा लाइट इन्फंट्री रेजिमेंटची तिसरी बटालियन. १९२२ च्या फेररचनेत जुन्या पलटणींना एकेका रेजिमेंटमध्ये गोवण्यात आले. १०३ वी मराठा झाली १/५, म्हणजे जंगी पलटण. १०५ वी झाली २/५, ११० वी ३/५, ११६ वी ४/५ आणि ११७ वी ५/५. ११४ वी झाली १०/५ आणि तिच्याकडे बेळगावात रंगरूट घडवण्याचे काम आले. त्यामुळे घरातल्या कागदावर १०३, ११० किंवा ११७ असा आकडा असेल, तर तो माणूस १९२२ च्या आधीचा. या तिन्ही पलटणी सहाव्या पुणे डिव्हिजनबरोबर मेसोपोटेमियात होत्या आणि एप्रिल १९१६ मध्ये कूत-अल-अमारा येथे शरण गेलेल्या फौजेत होत्या.

आता महत्त्वाची गोष्ट. रेजिमेंट हे भरतीचे, प्रशिक्षणाचे आणि मानाचे घर होते. रेजिमेंट म्हणून ती कधीच एकत्र लढली नाही. लढाई बटालियनने केली आणि प्रत्येक बटालियन वेगळ्या ब्रिगेडमध्ये होती (तीन बटालियन मिळून ब्रिगेड, तीन ब्रिगेड मिळून डिव्हिजन). १/५ इटलीत आठव्या हिंदी (म्हणजे भारतीय) डिव्हिजनच्या २१ व्या ब्रिगेडमध्ये होती. २/५ वाळवंटात ११ व्या ब्रिगेडमध्ये होती आणि जून १९४२ मध्ये तोब्रुक पडले तेव्हा कैदेत गेली. ४/५ मणिपूरच्या सीमेवर तेविसाव्या डिव्हिजनच्या ४९ व्या ब्रिगेडमध्ये होती. तुमच्या आजोबांची ३/५ आधी पाचव्या हिंदी डिव्हिजनच्या नवव्या ब्रिगेडमध्ये एरिट्रियात केरेनला लढली (१९४१), मग उत्तर आफ्रिकेत गेली आणि १९४४ मध्ये दहाव्या डिव्हिजनबरोबर इटलीत उतरली. एकाच रेजिमेंटचे चार जण, तरी चौघांचे युद्ध वेगळे. म्हणूनच ‘आजोबा मराठा रेजिमेंटमध्ये होते’ एवढ्या माहितीवर त्यांचा इतिहास लिहायला बसू नये. पहिला आकडा मिळेपर्यंत थांबावे.

सापळा असा, की माणूस एका बटालियनला जन्मभर बांधलेला नसे. जखमी बरा झाला की त्याला बेळगावच्या सेंटरकडे किंवा आघाडीमागच्या भरपाई छावणीत पाठवत आणि तिथून जिथे माणसे कमी असतील तिथे नेमणूक होई. म्हणून आकड्याबरोबर तारीख हवी. पदकांचाही उपयोग होतो. आफ्रिका स्टार असेल तर उत्तर किंवा पूर्व आफ्रिका, इटली स्टार असेल तर जून १९४३ नंतरची इटली मोहीम, बर्मा स्टार असेल तर ब्रह्मदेश. ३/५ च्या माणसाकडे बर्मा स्टार निघाला, तर तो मध्ये कुठेतरी बटालियन बदलून गेला असणार. त्या दिशेने शोधा.

प्रश्न : एका बटालियनमध्ये किती माणसे असत आणि कोणाच्या हाताखाली किती? प्रत्येक ठिकाणी वेगळा आकडा वाचायला मिळतो. (नागपूर)

उत्तर : आकडे वेगळे दिसतात कारण मंजूर संख्या युद्धाच्या सहा वर्षांत अनेकदा बदलली आणि प्रत्यक्ष हजर संख्या तर रोज बदलत होती. पण सांगाडा बऱ्यापैकी स्थिर होता, तो खालून वर पाहणे सोपे.

सर्वांत खाली सेक्शन : सुमारे १० जण, प्रमुख नाईक. एक ब्रेन गन (हलकी मशीनगन), बाकीच्यांकडे .३०३ रायफली. प्रत्यक्ष चढाईला आजारी, रजेवरचे, कामावर गेलेले वजा जाता सात-आठच उरत. ब्रेनच्या मॅगझिनमध्ये ३० गोळ्या मावत, पण स्प्रिंगवर ताण येऊन गोळी अडकू नये म्हणून जाणकार २८ च भरत. ही मॅगझिने सेक्शनमधल्या सगळ्यांमध्ये वाटून दिलेली असत, कारण सेक्शनचा खरा मारा त्या एका बंदुकीवर उभा होता.

तीन सेक्शन आणि एक छोटे मुख्यालय मिळून प्लॅटून, सुमारे ३५ माणसे. मुख्यालयात प्रमुख, प्लॅटून हवालदार, निरोप्या आणि २ इंची मॉर्टरची जोडी. तीन प्लॅटून मिळून रायफल कंपनी, सव्वाशेच्या आसपास. अशा चार रायफल कंपन्या आणि एक मुख्यालय कंपनी, जिच्यात सिग्नल, ३ इंची मॉर्टर, ब्रेन कॅरिअर, पायोनिअर आणि प्रशासकीय प्लॅटून, म्हणजे बटालियन. एकूण ८०० च्या आसपास, प्रमुख लेफ्टनंट कर्नल. लंगरी, भिस्ती, धोबी, न्हावी यांची नोंद ‘फॉलोअर’ म्हणून वेगळी होई. घरच्या माणसाचे नाव शिपायांच्या यादीत सापडले नाही तर ही यादी जरूर पाहा. गोळीबाराखाली गरम जेवण आणि पाणी पुढे नेणारी हीच माणसे.

ब्रिटिश बटालियनपेक्षा एक मोठा फरक होता. तिच्यात तीसहून अधिक कमिशन्ड अधिकारी असत. हिंदी बटालियनमध्ये युद्धाच्या सुरुवातीला जेमतेम डझनभर. प्लॅटूनचे नेतृत्व बहुतेक ठिकाणी जमादार-सुभेदार, म्हणजे व्हाइसरॉयचे कमिशन असलेले अधिकारी करत. वीस-वीस वर्षे त्याच पलटणीत काढलेली ही माणसे होती. दोन-तीन साहेब पडले तरी पलटण कोलमडत नसे ती त्यांच्यामुळे.

सांगाड्यातली जागा कळली की शौर्यपदकांच्या नोंदीही स्पष्ट वाचता येतात. माणगाव तालुक्यातले नाईक यशवंत घाडगे हे ३/५ मधले सेक्शन कमांडर. १० जुलै १९४४ रोजी वरच्या टायबर खोऱ्यात मशीनगनच्या माऱ्यात त्यांच्या सेक्शनची दाणादाण उडाली, तरी एकट्याने धावून जाऊन त्यांनी ते ठाणे संपवले. नोंदीत त्यांच्या हातात टॉमी गन (छोटी सबमशीनगन) दिसते ती का, तर सेक्शन कमांडरला रायफलीऐवजी तीच मिळे. ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीवर व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे १/५ चे शिपाई नामदेव जाधव हे कंपनी रनर, म्हणजे निरोप्या होते. त्यांची जागा कंपनी कमांडरच्या शेजारी, म्हणूनच नदी ओलांडताना ते पहिल्या गटात होते.

प्रश्न : डिव्हिजनमध्ये सतरा हजार सैनिक असत असे वाचले. मग एखाद्या टेकडीवर पाच-सहाशेच जण का लढताना दिसतात? (कोल्हापूर)

उत्तर : हिशेब मांडू. डिव्हिजनमध्ये तीन ब्रिगेड, प्रत्येक ब्रिगेडमध्ये तीन बटालियन (बहुधा एक ब्रिटिश, दोन हिंदी किंवा गुरखा). म्हणजे ९ बटालियन, ३६ रायफल कंपन्या, १०८ प्लॅटून, ३२४ सेक्शन. सेक्शनला १० धरले तर ३,२४०. पूर्ण भरलेल्या डिव्हिजनमध्ये शत्रूच्या खंदकात उतरणारी माणसे एवढीच. बाकी तोफखाना, इंजिनिअर, सिग्नल, वाहतूक, दारूगोळा, दुरुस्ती, फील्ड अ‍ॅम्ब्युलन्स, टपाल. म्हणून डिव्हिजनचे एक हजार जखमी-मृत हा आकडा सतरा हजारांच्या तुलनेत लहान वाटतो, पण ते बहुतेक या सव्वातीन हजारांतलेच असतात. युद्धवर्णनात ‘डिव्हिजन थकली’ असे येते तेव्हा गोदामे भरलेली आणि तोफा शाबूत असतात; रायफल कंपन्या मात्र सव्वाशेवरून चाळीसवर आलेल्या असतात.

इंजिनिअर म्हणजे तीन फील्ड कंपन्या आणि एक फील्ड पार्क कंपनी. खडकीच्या बॉम्बे सॅपर्सच्या (सैन्याच्या इंजिनिअर दलाच्या) २१ व्या फील्ड कंपनीबरोबर असलेल्या सेकंड लेफ्टनंट प्रेमिंद्रसिंग भगत यांनी फेब्रुवारी १९४१ मध्ये चार दिवसांत ५५ मैलांच्या वाटेवरची १५ सुरुंगक्षेत्रे मोकळी केली. ब्रिगेड किती वेगाने पुढे सरकेल हे अशा एका सेक्शनच्या कामावर ठरत असे.

प्रश्न : तोफखान्यात ‘रेजिमेंट’ म्हणजे काय? तीही भरतीचे घरच का? (नाशिक)

उत्तर : नाही, तिथे रेजिमेंट प्रत्यक्ष लढणारा घटक होता. फील्ड रेजिमेंटमध्ये २५ पौंडी २४ तोफा : तीन बॅटरी, प्रत्येकी ८ तोफा, प्रत्येक बॅटरीचे चार-चार तोफांचे दोन ट्रूप. युद्धाच्या आरंभी १२-१२ तोफांच्या दोनच बॅटरी होत्या. तीन बटालियनच्या ब्रिगेडला दोन बॅटरी वाटून देणे अवघड जाई, म्हणून तिसरी काढली. डिव्हिजनला अशा तीन रेजिमेंट, एकूण ७२ तोफा. पल्ला सुमारे १२ किलोमीटर. डोंगरी तोफखान्याची ३.७ इंची तोफ सुटी करून आठ खेचरांवर लादता येई.

प्रश्न : १९४२ च्या मलायातील पराभवाचे कारण शस्त्रांची कमतरता की रचना? (पुणे)

उत्तर : रणगाडे आणि विमाने अपुरी होती हे खरेच, पण रचनेचा दोष खोल होता. १९३९ मध्ये दोन लाखांच्या आसपास असलेले हिंदी सैन्य १९४५ पर्यंत पंचवीस लाखांवर गेले. नवी बटालियन शून्यातून उभी राहत नाही. जुन्या बटालियनमधून सुभेदार, हवालदार, सिग्नलर, मॉर्टरवाले काढून नवीचा गाभा घडवायचा आणि जुनीत रंगरूट भरायचे. सैन्यात याला दूध काढणे म्हणत. एकदा काढले तर चालते. एकाच बटालियनमधून तीन-चार वेळा काढले की दोन्हीकडे पातळ पाणी उरते. नवे अधिकारी यायचे, त्यांना जवानांची भाषा यायची नाही. प्लॅटून चालवणारा जमादार कालपर्यंत नाईक असायचा.

वाचकाला हे ओळखण्याची खूण त्याच आकड्यांत आहे. पहिला आकडा ६, ७ किंवा ८ असेल तर ती बटालियन बहुधा युद्धकाळात उभारलेली. मुआर नदीवर जानेवारी १९४२ मध्ये उद्ध्वस्त झालेल्या ४५ व्या ब्रिगेडमध्ये ७/६ राजपुताना रायफल्स होती. या ब्रिगेडची तयारी मध्यपूर्वेच्या वाळवंटासाठी झाली होती आणि तिला जंगलात उतरवले. शिवाय मलायातल्या नवव्या डिव्हिजनकडे तीनऐवजी दोनच ब्रिगेड होत्या, म्हणजे पुढे दोन आणि राखीव कोणीच नाही.

चूक लक्षात आल्यावर केलेली दुरुस्ती मला पराभवापेक्षा अधिक अभ्यासण्याजोगी वाटते. १९४३ मध्ये १४ वी डिव्हिजन छिंदवाड्याला आणि ३९ वी सहारनपूरला फक्त प्रशिक्षणासाठी ठेवली. सेंटरमधून निघालेला रंगरूट आधी तिथे जंगलयुद्ध शिके, मगच आघाडीवर जाई. दुसरी दुरुस्ती वाहनांची. रस्ते नाहीत अशा मुलखात मोटारींचा ताफा डिव्हिजनला रस्त्याशी जखडून ठेवतो आणि जपानी मागे जाऊन तोच रस्ता अडवतात. म्हणून १७ वी डिव्हिजन दोन ब्रिगेडची ‘हलकी’ केली आणि तिला खेचरे व जीप दिल्या. त्याची किंमतही होती : राखीव ब्रिगेड गेली. तशी वेळ आली की बटालियन उसनी घ्यावी लागे. मार्च १९४४ मध्ये सांगशाक येथे ५० व्या हिंदी पॅराशूट ब्रिगेडबरोबर ४/५ मराठा लढली ती अशीच; ती मुळात त्या ब्रिगेडची नव्हे. युद्धनकाशावर बटालियन ‘परक्या’ ब्रिगेडखाली दिसली की तारीख पाहा, छपाईची चूक समजू नका.

प्रश्न : हवाई दलात विंग मोठी की ग्रुप? दोन पुस्तकांत उलटसुलट दिले आहे. (ठाणे)

उत्तर : एक पुस्तक ब्रिटिश रचनेचे असेल, दुसरे अमेरिकन. ब्रिटिश पद्धतीत फ्लाइट, स्क्वाड्रन, विंग, ग्रुप, कमांड असा चढता क्रम. अमेरिकन पद्धतीत स्क्वाड्रन, ग्रुप, मग विंग. अमेरिकन फायटर ग्रुपमध्ये २५-२५ विमानांच्या तीन स्क्वाड्रन, म्हणून तो ब्रिटिश विंगच्या पंगतीत बसतो. जर्मनांचे आणखी निराळे : स्टाफेल सुमारे १२ विमानांचे, तीन स्टाफेल मिळून ग्रुपे आणि तीन ग्रुपे मिळून गेश्वाडर, म्हणजे शंभरावर विमाने. हुद्द्यांवर जाऊ नका. ‘विंग कमांडर’ हुद्द्याचा अधिकारी बॉम्बर स्क्वाड्रनच चालवत असे.

ब्रह्मदेशात २२१ ग्रुप चौदाव्या सैन्यासाठी आणि २२४ ग्रुप अराकानसाठी, म्हणजे ब्रह्मदेशाच्या पश्चिम किनाऱ्यासाठी होता. १९४५ मध्ये २२१ चे मुख्यालय चौदाव्या सैन्याच्या मुख्यालयाशेजारीच होते. मागणी केल्यापासून विमान येईपर्यंतचा वेळ त्यामुळे घटला.

प्रश्न : वडिलांचे काका हिंदी हवाई दलात फिटर होते. ते कधी उडाले नाहीत, तर स्क्वाड्रनमध्ये त्यांचे स्थान काय? (अहिल्यानगर)

उत्तर : मध्यवर्ती. फायटर स्क्वाड्रन म्हणजे साधारण १६ विमाने, दोन फ्लाइट आणि वीस-पंचवीस वैमानिक; बाकी सगळे जमिनीवरचे : इंजिनासाठी फिटर, सांगाड्यासाठी रिगर, तोफा-बॉम्बसाठी आर्मरर, शिवाय वीज, बिनतारी आणि उपकरणांचे कारागीर. प्रत्येक विमानाचा ‘फॉर्म ७००’ असे. प्रत्येक कारागीर आपापले काम तपासून त्यावर सही करी आणि शेवटी वैमानिक सही करून विमान ताब्यात घेई. फिटरची सही नाही तर उड्डाण नाही. इंफाळला १९४४ मध्ये अर्जन सिंग यांच्या पहिल्या स्क्वाड्रनची हरिकेन टेहळणीला जोडीने जात. एक खाली पाही, दुसरा पाठ राखी. जोडीतले एक विमान नादुरुस्त असेल तर दुसऱ्याचीही फेरी रद्द होण्याची वेळ येई.

युद्धाच्या उत्तरार्धात अनेक ठिकाणी दुरुस्तीची माणसे स्क्वाड्रनमधून काढून स्वतंत्र ‘सर्व्हिसिंग एशेलॉन’मध्ये घातली, म्हणजे स्क्वाड्रन एका धावपट्टीवरून दुसरीकडे हलकेपणाने उडून जाऊ शकेल. काकांच्या कागदावर स्क्वाड्रनचा आकडा नसून चार आकडी क्रमांक असेल, तर तो बहुधा अशा युनिटचा. त्या तारखेला त्या तळावर कोणती स्क्वाड्रन होती ते वेगळे शोधावे लागेल.

हिंदी हवाई दलाच्या युद्धकाळात नऊच स्क्वाड्रन होत्या : १ ते १०, त्यांत ५ क्रमांक नाही. त्यामुळे शोध आटोक्यात राहतो. स्क्वाड्रनची रोजची नोंद ‘फॉर्म ५४०’ वर आणि प्रत्येक उड्डाण ‘फॉर्म ५४१’ वर असे. ५४१ वर फक्त उडणाऱ्यांची नावे येतात. काकांचे नाव शोधायचे तर ५४० मधल्या बदल्या, आगमन आणि रुग्णालयाच्या नोंदी वाचा. पायदळासाठी बटालियनच्या युद्धदैनंदिन्या लंडनमधील क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत : मध्यपूर्वेच्या डब्ल्यूओ १६९, इटलीच्या १७०, ब्रह्मदेशाच्या १७२ या मालिकेत. सेवापुस्तकासाठी मराठा लाइट इन्फंट्रीच्या बेळगाव येथील अभिलेख कार्यालयाला लिहा. अर्जात सेवा क्रमांक, हुद्दा, बटालियन आणि भरतीचे वर्ष द्या. नुसत्या नावावर उत्तर मिळणे कठीण, कारण एकाच नावाचे शिपाई पुष्कळ. सेवा क्रमांक हरवला असेल आणि पदक पहिल्या महायुद्धाचे असेल, तर त्याच्या कडेवर क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. ते पदक घासून चकचकीत करू नका; कडेवरची अक्षरे आधी झिजतात.