मक्यात अ‍ॅट्राझिन मारलंय, आता हरभरा टाकू का?

प्रश्न : मोहोळ तालुक्यातनं लिहितोय. दोन एकर मका होता, भारी काळं रान, चुनखडीचं. पेरल्यावर लगेच तणनाशक म्हणून एकरी ८०० ग्रॅम अ‍ॅट्राझिन मारलं, पुढं महिन्याभरात गवत परत आलं म्हणून दुकानदाराने टेम्बोट्रिओन दिलं अन त्यात अजून ५०० ग्रॅम अ‍ॅट्राझिन टाकायला लावलं. मक्याला कायपण झालं नाही. आता हरभरा टाकायचाय, थोडा कांदा पण. शेजारी म्हणतात उगवणारच नाही. आणि ग्लायफोसेट हे तणनाशक मारलं तरी न मरणाऱ्या मक्याचं बी मिळतं का?

उत्तर : दादा, शेजाऱ्याचं अर्धं खरंय. उगवतं ओ, उगवून मग जातं. दाण्यातल्या अन्नावर हरभरा झकास वर येतो आणि नंतर खालची जुनी पानं कडेनं पिवळी पडून करपायला लागतात, लोकांना वाटतं मर (बुरशीचा रोग) लागली, मग बुरशीनाशकाचा खर्च. फवारताना वळणावर जिथं पंप दोनदा फिरतो तिथं हे आधी दिसतं.

मक्याला काही झालं नाही यावर जाऊ नका. मका जेवढं शोषतो तेवढं पचवतो, ज्वारीपण पचवते, पण जमिनीत उरलेलं तसंच राहतं, ते जिवाणू आणि ओलाव्यावर हळूहळू तुटतं, चुनखडीच्या जास्त सामूच्या (पीएचच्या) रानात अजून सावकाश, त्यात सोलापूरचा पाऊस तुम्हाला माहितीच आहे. ५० टक्के तीव्रतेचं अ‍ॅट्राझिन एकरी जास्तीत जास्त ८०० ग्रॅम सांगतात, तुमचं दोन्ही मिळून १३०० झालं की!

म्हणून आधी कुंडीत बघा. चार-पाच ठिकाणची वरची वीतभर माती एका कुंडीत, वळणावरची दुसरीत, आणि जिथं औषध पडलंच नाही तिथली तिसरीत. प्रत्येकीत हरभऱ्याचे दहा दाणे टाका आणि तीन आठवडे थांबा, नुसती उगवण बघून पेरणीला पळू नका. पानं करपली तर सरळ मालदांडी ज्वारी पेरा, थोडा उशीर झाला तरी चालेल. कांदा मात्र यंदा दुसऱ्या रानात घ्या, तो हे औषध अजिबात सोसत नाही. पुढच्या मक्यापर्यंत शेणखत टाकून खोल नांगरट करून घ्या.

बियाचं म्हणाल तर तसल्या जीएम (जनुक बदललेल्या) मक्याला आपल्याकडं लागवडीची परवानगी नाही, कुणी पिशवी दाखवलीच तर पक्कं बिल मागून बघा. साध्या मक्यावर ग्लायफोसेट पडलं तर गवताबरोबर मकाही जाईल.