वडील म्हणून ख्रिस्ती घराचा वारसा मुलांना कसा द्यावा?

तुम्ही लिहिलंय की मुलगी ६ वर्षांची आहे, गोरेगावला राहता, नातेवाईक सगळे नगरकडे आणि चर्चमधली मराठी उपासना लांब पडते. अशात आजोबा-पणजोबांचा विश्वास बाप म्हणून तिच्यापर्यंत कसा न्यायचा? माझा मुलगा आता १९ वर्षांचा आहे. माझं काय चुकलं तेच आधी सांगतो.

रात्री जेवणं झाली की कौटुंबिक प्रार्थना, हा आमच्या घरचा रिवाज. भायखळ्याच्या चाळीत आजोबा गिरणीतून आले की सतरंजी अंथरली जायची. ते टाळ घ्यायचे, आणि शेजारची पोरंसुद्धा भजनाला येऊन बसायची. मी तोच रिवाज मुलावर हुकमासारखा चालवला. डोळे मीट, हात जोड, पुस्तक उघड. तो मुकाट्याने करायचा. एकदा त्याची वही हाती लागली. भजनाच्या ओळी त्याने इंग्रजी अक्षरांत उतरवून घेतल्या होत्या, आणि ‘कृपा’, ‘तारण’, ‘करुणा’ या तिन्ही शब्दांखाली पेन्सिलीने प्रश्नचिन्हं होती. इतकी वर्षं तो माझ्या शेजारी बसून अर्थ न कळता गात होता. इंग्रजी माध्यमात मीच घातलं होतं त्याला. त्या रात्रीपासून आम्ही रोज एकच कडवं घ्यायला लागलो, पण शब्द न् शब्द उलगडून.

दुसरी गोष्ट त्याहून अवघड होती. आठवीत असताना वर्गातल्या कुणीतरी त्याला ‘बाटगे’ म्हटलं. घरी येऊन त्याने विचारलं, “पप्पा, आपण धान्यासाठी ख्रिस्ती झालो का?” माझ्या वडिलांनी हा विषय कायम टाळला होता. मी टाळला नाही. १८७६ ते ७८च्या दुष्काळात नगर जिल्ह्यात माणसं उपाशी मरत होती आणि मिशनने अन्न दिलं, काम दिलं. त्यानंतर पुष्कळांनी बाप्तिस्मा घेतला, त्यात आमचे खापरपणजोबाही होते. भाकरी मिळाली हे खरं आहे. पण दुष्काळ सरला, गावाने पाणवठा बंद केला, तरी ते ख्रिस्ती मंडळी, म्हणजे चर्च, सोडून गेले नाहीत. मिशनच्या शाळेत वाचायला शिकले आणि मुलींनाही शिकवलं. हे सगळं ऐकून तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “त्यांचं नाव काय होतं?” मला वाटतं, आमच्या घरात वारसा खरा त्या प्रश्नापासून सुरू झाला. म्हणून सांगतो, तुमच्या घरात प्रभूचं नाव कसं आलं ते मुलीला खरंखरं सांगा, लाज वाटणारा भागही गाळू नका. नगरला कुणी वयस्कर आत्या-काका असतील तर या मे महिन्यातच जाऊन विचारून घ्या. ती माणसं थांबत नाहीत.

आणि घाई करू नका. ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली इथेच मुंबईत झाला. लक्ष्मीबाईंचा १९०० साली. एवढा मोठा भक्त-कवी, पण बायकोचा विश्वास तिचा तिलाच सापडावा लागला, त्याला पाच वर्षं लागली. आपली लेकरं तर लहान आहेत.

बायबलमध्ये प्रेषित पौल आपल्या तरुण शिष्याला, तीमथ्याला लिहितो तेव्हा त्याच्या आजीचा, लोईसचा विश्वास आठवतो, आई युनीकेचा आठवतो. बापाचं नाव त्या ओळीत नाही. मला ती ओळ वाचताना दर वेळी टोचते. आपल्याकडेही प्रार्थना आजी-आईनेच शिकवायची आणि बापाने रविवारी फक्त सोडायला-आणायला जायचं, असं चालत आलंय. मुलीने तुम्हाला गुडघे टेकलेलं पाहू द्या. तिच्यावर उगाच ओरडलात तर तिच्यासमोरच प्रभूची क्षमा मागा, आणि तिचीही.

मराठी उपासना लांब पडते, तर महिन्यातून एकदा तरी लोकल पकडून जा. नंतर आवारात थांबा, म्हाताऱ्या माणसांना ती ‘सलाम’ म्हणेल, ते तिच्या डोक्यावर हात ठेवतील. आणि आज रात्रीच ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ ही प्रभूची प्रार्थना सुरू करा. आठवडाभर तेवढी एकच ओळ पुरे. ‘पित्या’ म्हणजे काय, ते ती तुम्हालाच विचारेल.